साळुंकीचा सापळा: ऑस्ट्रेलियात गरजेचा, आपल्या शेतात का नको?

द्राक्षमण्यात पाणी उतरू लागले किंवा ज्वारी चिकात आली, की “पाखरांसाठी एखादा सापळा आहे का?” ही विचारणा सुरू होते. मोबाइलवर परदेशातील पिंजऱ्यांचे व्हिडिओ फिरतात आणि त्यात पकडलेला पक्षी बहुतेक वेळा आपल्या ओळखीचाच असतो, तो म्हणजे साळुंकी. सापळा काम करतो यात शंका नाही. पण तो तिकडे का लावतात हे समजल्याशिवाय इथे लावू नका.

साळुंकी तिकडे कशी पोहोचली?

साळुंकीच्या शास्त्रीय नावातील ‘अॅक्रिडोथेरिस’ या शब्दाचा अर्थच टोळांची शिकार करणारी असा आहे. याच गुणासाठी ती अठराव्या शतकात भारतातून मॉरिशसला नेण्यात आली. ऑस्ट्रेलियात 1862 च्या सुमारास मेलबर्नजवळच्या भाजीपाल्याच्या मळ्यांत किडी खाण्यासाठी ती सोडली गेली आणि 1883 मध्ये तेथून क्वीन्सलँडच्या उसाच्या पट्ट्यात नेली गेली. म्हणजे जैविक कीड नियंत्रण म्हणून नेलेला पक्षीच पुढे उपद्रवी ठरला. जगातील 100 सर्वांत घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत पक्षी तीनच आहेत. त्यांतील दोन, साळुंकी आणि लालबुड्या बुलबुल, आपल्या बांधावर रोज दिसतात.

तिकडे मुख्य नुकसान झाडांच्या ढोल्यांवरून होते. साळुंकी ढोलीत घरटे करते, एका वेळी चार-पाच अंडी घालते आणि तेथील पोपटांना व ढोलीत राहणाऱ्या लहान प्राण्यांना हुसकावून लावते. या पाहुण्याशी झगडण्याची सवय तिथल्या प्राण्यांना नाही. अंजीर, द्राक्षे अशा फळांची नासाडी, गोठ्यातील खुराकावर डल्ला आणि गवताच्या शेडमधील विष्ठा हा त्रास वेगळाच.

सापळा कसा चालतो?

ऑस्ट्रेलियात शेती करणाऱ्या मराठी कुटुंबांना हा भाग थेट उपयोगी पडेल. इतरांनी तो समजून घेण्यापुरता वाचावा.

पिंजऱ्याला दोन कप्पे असतात. पहिल्यात खाद्य असते. पक्षी चालत आत येतो, खातो आणि बाहेर पडू पाहताना एकाच दिशेने उघडणाऱ्या वाटेने दुसऱ्या कप्प्यात जातो. तेथून त्याला परत येता येत नाही. खाद्य म्हणून कुत्र्या-मांजरांचे कोरडे गोळीखाद्य वापरतात, कारण त्याकडे स्थानिक पक्षी कमी वळतात.

साळुंकी फार सावध असते. म्हणून आधी काही दिवस पिंजरा उघडा ठेवून केवळ खायला घालतात. तिची भीड चेपल्यावरच तो चालू करतात. याच काळात कोंबड्यांचे, घोड्यांचे, कुत्र्यांचे उघडे खाद्य झाकून ठेवावे लागते. बाहेर फुकट खायला मिळत असेल तर ती पिंजऱ्यात कशाला शिरेल? माझ्या मते बहुतेकांचे अपयश इथेच असते; दोष मात्र पिंजऱ्याला दिला जातो.

पकडलेल्या एक-दोन साळुंक्या आत ठेवल्या की त्यांच्या आवाजाने इतर येतात. त्यांना पाणी, खाद्य, सावली आणि बसायला दांडी द्यावीच लागते. पिंजरा रोज तपासतात. पकडलेले पक्षी अंधार पडल्यावर बाहेर काढतात, कारण दिवसा एकीने धोक्याची हाक दिली तर बाकीच्या ती जागाच टाळतात. पुढे पक्ष्याला वेदना होणार नाहीत अशाच मान्य पद्धतीने मारावे लागते. नियम राज्यागणिक वेगळे आहेत आणि प्राणी क्रूरता कायदा सगळीकडे लागू आहे. आधी स्थानिक कार्यालयात विचारा.

ओळख पक्की हवी. तेथे ‘नॉइझी मायनर’ नावाचा स्थानिक, संरक्षित पक्षी आहे. त्याचीही चोच आणि डोळ्यामागचा भाग पिवळा असतो, पण अंग राखाडी असते. साळुंकीचे अंग तपकिरी, डोके काळे आणि उडताना पंखात पांढरा पट्टा दिसतो. चुकून अडकलेला स्थानिक पक्षी लगेच सोडावा लागतो.

एकट्याने सापळा लावून फारसे हाती लागत नाही. शेजारच्या शेतातून जागा पुन्हा भरते. कॅनबेरा परिसरात 2006 पासून स्वयंसेवी गटाने घरोघरी सापळे दिले ते यासाठीच. सेशेल्समधील फ्रेगेट बेटावरून साळुंकी पूर्ण हटवता आली, पण ते समुद्राने वेढलेले छोटे बेट होते.

आपल्याकडे हिशेब उलटा

आपल्याकडे साळुंकी मूळची आहे. नांगरामागे चालत हुमणीच्या अळ्या टिपणारी तीच. हरभऱ्यात घाटेअळीसाठी आपण हेक्टरी 20 ते 25 पक्षी थांबे लावायला सांगतो, ते याच पक्ष्यांना बोलावण्यासाठी. पौषात थांबे लावून बोलवायचे आणि शेजारच्या द्राक्षबागेत जाळ्यात धरायचे, याला अर्थ नाही. हिवाळ्यात ज्वारीवर थव्याने उतरणाऱ्या भोरड्याही टोळ व नाकतोडे खाणाऱ्याच.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मध्ये ‘शिकार’ या शब्दात पकडणे, फास लावणे, सापळा लावणे आणि विष घालणे हे सर्व येते. साळुंकी आणि पोपट दोन्ही संरक्षित आहेत. कृषी सहायकांनी शिवारफेरीत हे आवर्जून सांगावे. अनेकांना आपण गुन्हा करतो आहोत याची कल्पनाच नसते.

मग पीक कसे वाचवायचे?

ज्वारीत राखण महत्त्वाची. दाणा चिकात येण्याच्या दोन-तीन दिवस आधीपासून माळ्यावर माणूस, गोफण, डबा, विशेषतः सकाळी आणि दुपार कलल्यावर. चमकणारी फीत पीळ देऊन कणसांच्या थोडी वर ताणा. ती फार आधी लावली तर पक्षी सरावतात, म्हणून गरजेच्या पंधरवड्यापुरतीच ठेवा. बुजगावण्याचेही तेच, दर दोन-तीन दिवसांनी जागा बदला. पिकातील पक्षी थांबे दाणे भरताना काढून घ्या. गावात एकाच सुमारास पेरणी झाली तर नुकसान सर्वांत विभागते. एकटे आगाप पीक असेल तर सगळा थवा तिथेच उतरतो.

द्राक्ष, अंजीर, डाळिंबासाठी जाळीच खात्रीची. ती ताणून, पिकापासून थोडी वर आणि खालून बंद करून लावा. सैल सोडलेली जुनी मासेमारीची जाळी म्हणजे फासच. तिच्यात साळुंकीबरोबर घुबड आणि धामणही अडकते आणि उंदीर वाढतात ते वेगळेच. जाळी रोज सकाळ-संध्याकाळ पाहा. पक्षी अडकलेला दिसला तर ओढू नका. त्याच्यावर फडके टाकून धागे कात्रीने कापा आणि जखमी असल्यास वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा.