अंगठ्याच्या बाजूला मनगट दुखणे : कंडरेची सूज आणि तिचे उपाय

बाळ दोन-तीन महिन्यांचे होते आणि त्याला उचलताना आईच्या मनगटात अंगठ्याच्या बाजूने कळ येऊ लागते. घरात याला 'बाळंतपणाचा वात' म्हणतात आणि तेल लावून मनगट जोरात चोळले जाते. बहुतेक वेळा हा कंडरेचा आजार असतो. त्याला 'डी क्वेर्व्हेन' म्हणतात. स्विस सर्जन फ्रिट्झ डी क्वेर्व्हेन यांनी १८९५ मध्ये त्याचे वर्णन केले होते.

नेमके काय होते?

स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी म्हणजे कंडरा. अंगठा हलवणाऱ्या दोन कंडरा मनगटापाशी एका अरुंद बोगद्यातून जातात. तीच हालचाल पुन्हा पुन्हा झाली की बोगद्याचे आवरण जाड होते, कंडरा घासतात आणि दुखतात.

कोणाला होतो?

पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक, विशेषतः बाळंतपणानंतर. कपडे पिळणे, कणीक मळणे, सतत अंगठ्याने मोबाइल वापरणे यांनी त्रास वाढतो.

कसा ओळखावा?

- बरणीचे झाकण उघडताना किंवा चिमटीत वस्तू धरताना दुखते.
- मनगटाच्या अंगठ्याकडील हाडावर सूज येते, दाबल्यास दुखते.
- अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे हळूच वाकवल्यास तीव्र कळ येते.

निदान तपासणीवरूनच होते. एक्स-रे सहसा लागत नाही.

घरी काय करावे?

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अंगठ्याला विश्रांती. औषध घेतले पण हालचाल तीच राहिली, तर दुखणे परत येते.

- बाळाला काखेत हात घालून, अंगठे ताणून उचलू नका. एक तळहात पाठी-मानेखाली आणि दुसरा कुल्ल्यांखाली सरकवून उचला. मनगट सरळ ठेवा.
- दूध पाजताना बाळाचा भार उशीवर द्या.
- अंगठाही आधारात राहील असा पट्टा डॉक्टरांच्या सल्ल्याने ४ ते ६ आठवडे वापरा. नुसता मनगटाचा पट्टा पुरत नाही.
- कापडात गुंडाळलेला बर्फ १०-१५ मिनिटे, दिवसातून दोन-तीनदा लावा.
- जोरात मालिश टाळा.
- कपडे पिळणे, कणीक मळणे काही आठवडे घरातल्या इतरांनी करावे.

औषधे आणि इंजेक्शन

वेदनेच्या गोळीसाठी स्तनपान थांबवण्याची गरज सहसा नसते. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन त्या काळात चालतात. मात्र गरोदरपण, दमा, अल्सर किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर आयबुप्रोफेन स्वतःहून घेऊ नका.

आराम न पडल्यास कंडरेच्या आवरणात स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. अनेकांना त्याने बरे वाटते. मधुमेह असेल तर काही दिवस साखर वाढू शकते. टोचलेल्या जागी त्वचा फिकी पडू शकते. एवढ्यानेही न थांबल्यास छोट्या शस्त्रक्रियेने बोगदा मोकळा करतात.

डॉक्टरांना लगेच कधी दाखवावे?

- मनगट लाल, गरम झाले आणि ताप आला
- पडल्यानंतर दुखू लागले (हाड मोडलेले असू शकते)
- बोटांना मुंग्या, बधिरपणा किंवा पकडीत अशक्तपणा आला

यांपैकी काही नसले तरी दोन-तीन आठवड्यांच्या विश्रांतीने फरक पडला नाही, तर तपासून घ्या. 'बाळ मोठे झाले की थांबेल' म्हणून दुखणे अंगावर काढू नका.