आवडीचा ठराव आणि परदेशी साह्य

आवडी हे नाव मराठी कानाला चटकन आपलेसे वाटते. पण चेन्नईच्या पश्चिमेस असलेल्या या गावाचा आपल्या आवडीनिवडीशी काही संबंध नाही. जानेवारी १९५५ मध्ये येथे काँग्रेसचे साठावे अधिवेशन भरले. अध्यक्ष उच्छंगराय ढेबर होते आणि मद्रास राज्याचे मुख्यमंत्री कामराज. समाजवादी धर्तीची समाजरचना हे ध्येय येथे ठरावात आले, एवढे आपण शाळेत शिकतो. ती रचना उभारण्यास लागणारी यंत्रे, पोलाद आणि परकीय चलन कोठून आणावयाचे, हा त्यामागचा रोकडा प्रश्न मात्र पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही.

ठराव होऊन पंधरवडाही लोटला नव्हता, तोच २ फेब्रुवारीला भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला. ती देणगी नव्हती. अडीच टक्के व्याजाने, बारा वार्षिक हप्त्यांत फेडावयाचे ते कर्ज होते. रुरकेल्यास जर्मन आले, दुर्गापुरास इंग्रज आले. परस्परांकडे संशयाने पाहणारी राष्ट्रे एकाच देशात शेजारी शेजारी भट्ट्या उभारीत होती, आणि एकाच्या दारी जाण्याची पाळी येऊ नये म्हणून आपण अनेकांची दारे ठोठावली, हे त्यातील मर्म होते.

त्या वेळी अर्थखाते चिंतामणराव देशमुखांकडे होते. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेला हा पुरुष १९४४ मध्ये ब्रेटन वुड्सच्या परिषदेत भारताच्या शिष्टमंडळात होता. युद्धोत्तर जगाची आर्थिक घडी बसविताना अविकसित देशांच्या विकासाचाही विचार व्हावा, असा आग्रह त्या शिष्टमंडळाने तेथे धरला होता. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत सार्वजनिक खर्च ४८०० कोटी रुपये धरला होता आणि त्यांतील ८०० कोटी बाहेरून येतील असा अंदाज होता. म्हणजे सहा रुपयांतला एक रुपया परक्याच्या मर्जीवर. मुंबईच्या प्रश्नावर देशमुखांनी १९५६ मध्ये राजीनामा दिला, आणि पुढच्याच वर्षी परकीय चलनाची गंगाजळी आटू लागली. १९५८ च्या ऑगस्टमध्ये जागतिक बँकेच्या पुढाकाराने धनको राष्ट्रांचे मंडळ भारतासाठी एकत्र बसले.

या मोठ्या देण्याघेण्यांत एका लहान साह्याकडे दुर्लक्ष होते. कोलंबो योजनेखाली न्यूझीलंडने दहा लाख पौंड दिले आणि त्यांतून दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचा पाया घातला गेला. प्रशांत महासागरातील त्या बेटांवर तेव्हा जेमतेम वीस लाख लोक राहत, आणि आपली संख्या छत्तीस कोटींवर होती! संस्थेचा कारभार कसा चालावा हे मात्र १९५६ मध्ये आपल्याच संसदेने कायद्याने ठरविले. अशा साह्याचे ओझे होत नाही.

धान्याचे ओझे झाले. १९५६ च्या करारान्वये अमेरिकेचा गहू रुपयांत मिळू लागला, आणि सोयीचे वाटले म्हणून आपण त्यावर विसंबलो. १९६५-६६ च्या दुष्काळांत अध्यक्ष जॉन्सन यांनी जहाजे थोडी थोडी, आपल्या धोरणांवर नजर ठेवून सोडली. १९६६ या एका वर्षात सुमारे एक कोटी टन धान्य आयात करावे लागले. त्याच वर्षी ६ जून रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले, आणि त्यामागे धनकोंचा दबाव होता हे गुपित राहिले नाही.

आवडीलाच याची दुसरी बाजू दिसते. येथील रणगाड्यांच्या कारखान्यासाठी १९६१ मध्ये ब्रिटिश विकर्स कंपनीशी करार झाला आणि १९६५ मध्ये येथे बनलेला पहिला ‘विजयंता’ बाहेर पडला. आराखडा परका होता, पण तो पैसे मोजून घेतलेला होता. कारागीर शिकत गेले, तसतसे सुटे भागही येथेच होऊ लागले.

पुढे आपणही देणारे झालो. १९६४ मध्ये परदेशी अधिकाऱ्यांना व तंत्रज्ञांना प्रशिक्षण देण्याची योजना निघाली. २०१४ मध्ये सुव्हा येथे भारताने प्रशांत महासागरातील प्रत्येक बेट-राष्ट्राचे वार्षिक अनुदान सव्वा लाख डॉलरांवरून दोन लाखांवर नेले. त्यांतील तुवालू अवघे २६ चौरस किलोमीटरांचे, वस्ती अकरा हजारांच्या आसपास. १९८७ मध्ये ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व ब्रिटन यांच्या साह्याने त्याने एक निधी उभारला. मुद्दल राखावयाचे आणि उत्पन्नातून राज्य चालवावयाचे, अशी ती शहाणपणाची व्यवस्था. परंतु समुद्र चढू लागला तेव्हा निधी पुरेना. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारात दरवर्षी २८० तुवालूवासीयांना तेथे वसण्याची वाट मोकळी झाली, आणि इतर कोणत्याही राष्ट्राशी संरक्षणविषयक व्यवहार करण्यापूर्वी ऑस्ट्रेलियाची संमती घेण्याचे तुवालूने मान्य केले.