क्ष आणि कृष्ण

शाळेत बीजगणिताचा तास ‘समजा, ती संख्या क्ष’ असा सुरू व्हायचा. क्ष-किरणांमधला क्षही तोच, हे पुढे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला. १८९५ साली वुर्झबर्गमध्ये राँटगेन यांना काळ्या कागदातून आरपार जाणारे किरण सापडले. ते कशाचे, हे ठाऊक नव्हतं. म्हणून त्यांनी गणितातल्या अज्ञाताचं अक्षर त्यांना दिलं. मराठीनं ते अक्षर तसंच न उचलता आपल्या बीजगणितातला अज्ञात लावला. क् आणि ष मिळून झालेला क्ष कानालाही ‘एक्स’च्या जवळचा. अर्थ आणि नाद एकाच अक्षरात बसवणारं असं भाषांतर क्वचितच साधतं. १९१२ साली लाउए यांच्या कल्पनेतून झालेल्या प्रयोगानं हे किरण म्हणजे आखूड तरंगांचा प्रकाशच असल्याचं दाखवून दिलं. क्षची किंमत निघाली, नाव मात्र टिकलं.

‘डार्क मॅटर’साठीच्या मराठी ‘कृष्णद्रव्या’तला कृष्ण मात्र अजून सुटलेला नाही. १९३३ साली फ्रिट्झ झ्विकी या स्विस शास्त्रज्ञानं कोमा समूहातल्या, म्हणजे आपल्या अरुंधतीकेशाच्या दिशेच्या, दीर्घिकांचे वेग तपासले. (दीर्घिका म्हणजे संस्कृतात लांबट तळं, आकाशातल्या ताऱ्यांच्या तळ्याला इतका देखणा शब्द दुसरा सुचत नाही.) त्या इतक्या वेगानं फिरत होत्या की दिसणाऱ्या ताऱ्यांच्या ओढीनं समूह एकत्र राहिलाच नसता. उरलेली ओढ ज्याची, त्याला झ्विकीनं जर्मनमध्ये ‘डुंक्ले माटेरिए’ म्हटलं. डुंकेल म्हणजे अंधारलेलं. काळ्या रंगाला जर्मनमध्ये ‘श्वार्त्स’ हा वेगळा शब्द आहे.

मराठीत हा भेद पुसट होतो. कृष्ण म्हटलं की काळा रंग डोळ्यांपुढे येतो. पण काळी वस्तू प्रकाश शोषते, आणि हे द्रव्य तर त्याला अडवतही नाही. म्हणून काहींना ‘अदृश्य द्रव्य’ बरं वाटतं. मला कृष्णच हवा, पण कृष्णपक्षातला. वद्य पक्षात चंद्र कुठे जात नाही. भरती-ओहोटी चालूच असते. दिसत नाही, पण ओढ कायम, हा अर्थ त्या शब्दात आधीपासून आहे.

झ्विकीच्या ‘अंधारलेल्या’त मात्र एक वाटा असा होता, जो अंधारलेला नव्हताच. तो क्ष-किरणांत उजळत होता. पण हे किरण हवेत शोषले जातात. ते पाहायला वातावरणाबाहेर जावं लागलं. १९७० साली केनियाच्या किनाऱ्याजवळून सुटलेल्या ‘उहुरू’ उपग्रहाला कोमासारख्या समूहांभोवती क्ष-किरणांची पसरट आभा दिसली. दीर्घिकांच्या मधल्या जागेत कोट्यवधी अंश तापलेला वायू भरलेला होता, आणि त्याचं वस्तुमान सगळ्या ताऱ्यांहून अधिक होतं. पण तो हिशेबात धरूनही ओढ पुरेना. उलट एवढा तापलेला वायू उधळून न जाता टिकतो, म्हणजे त्याला धरून ठेवणारं आणखी काही हवंच. त्याच्या तापमानावरून आणि घनतेवरून समूहाचं वजन करता येऊ लागलं, आणि सुमारे ८५ टक्के द्रव्य अजूनही अंधारातच राहिलं. ज्याची किंमत कळली तो क्ष असा न कळलेल्याचं माप झाला, याचं मला मोठं अप्रूप वाटतं.

१९९९ साली सोडलेल्या क्ष-किरण वेधशाळेचं नाव ‘चंद्रा’ – सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्यावरून. तिनं ‘बुलेट क्लस्टर’ टिपला: दोन समूह एकमेकांतून आरपार गेलेले. त्यांचा वायू धडकून मागे रेंगाळला. पार्श्वभूमीच्या दीर्घिकांचा प्रकाश किती वाकतो, यावरून वस्तुमानाचा नकाशा काढला, तेव्हा बहुतेक वस्तुमान वायूला मागे टाकून दीर्घिकांबरोबर पुढे गेलेलं आढळलं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चित्रात वायू गुलाबी रंगवला आहे आणि न दिसणारं द्रव्य निळं. तो रंग निवडणाऱ्यांच्या मनात आपला शब्द नसणार. तरी कृष्णाला निळाच रंगवत आलेल्या भाषेत हे चित्र पाहताना मी दर वेळी थबकतो.