बातमीदार

लिलियन जॅक्सन ब्राउन यांच्या मांजरवाल्या रहस्यकथा पुन्हा हाती घेतल्या आहेत. मालिकेतलं पहिलं पुस्तक 1966 चं. नायक क्विलरन, मिशाळ पत्रकार. खुनाचा वास लागला की मिशा शिवशिवतात आणि सयामी मांजर को-को नेमक्या वस्तूवर पंजा ठेवतं. रक्तपात बेताचा, खाणंपिणं भरपूर. वाचताना मनात सारखा एकच शब्द घोळतो : बातमीदार.

‘बात’ संस्कृत ‘वार्ता’च्या कुळातली, ‘दार’ फारसी, किल्लेदारातला तोच. पण जुन्या मराठीत बातमीदार छापखान्याचा नव्हे, छावणीचा माणूस. शत्रूच्या गोटातली बित्तंबातमी काढणारा, म्हणजे हेरच. गंमत अशी की अरबी ‘जासूस’ मराठीत ‘जासूद’ झाला आणि बहुतेक वेळा नुसती पत्रं पोचवू लागला. वर्तमानपत्रं आली, तसा बातमीदारही लेखणी घेऊन बसला. क्विलरनसारखे लोक त्याला जुन्या धंद्याला लावतात, एवढंच.

आता वाहिन्यांवर ‘रिपोर्टर’, छापील पानावर ‘वार्ताहर’ किंवा कोरडा ‘प्रतिनिधी’. पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकात मात्र अजून ‘गुप्त बातमीदारामार्फत खात्रीलायक बातमी’ मिळते. तो बातमीदार पत्रकार नसतो, खबऱ्या असतो.