इंजिनाची ऊब : उटनूर ते लडाख

तेलंगणात थंडीची बातमी आली की नाव बहुधा आपल्या आदिलाबाद भागाचेच असते. पौषात पारा पाच-सहा अंशांवर उतरतो. नेमक्या पौष अमावास्येला केसलापूरची नागोबा जत्रा भरते आणि शेकडो गाड्या रात्रभर उघड्यावर उभ्या राहतात. पहाटे सेल्फचा रडवेला आवाज एकामागून एक सुरू होतो. पाहुण्यांना त्याची गंमत वाटते, पण गुड्यावरून बाळंतिणीला उटनूरच्या दवाखान्यात आणायचे असेल तेव्हा गंमत राहत नाही.

आम्ही पडलो मेकॅनिकल डिप्लोमावाले, म्हणून थोडे कारणही सांगतो. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा पंधरा-वीस पट दाबली की ती इतकी तापते की डिझेल आपोआप पेट घेते. पण सिलिंडरचे लोखंड गार पडले असेल तर ही ऊब तेच गिळून टाकते. शिवाय ऑइल काकवीसारखे घट्ट होते आणि बॅटरीचा जोर घटतो. म्हणजे इंजिन फिरवायला जास्त ताकद हवी तेव्हाच ताकद कमी मिळते.

निजामाच्या रेल्वेने १९३२ मध्ये २७ बस घेऊन रस्ता वाहतूक सुरू केली. त्यातली एक अल्बियन बस हैदराबादेत अजून जपून ठेवली आहे. त्या पिढीच्या मोटारींना थंडीत खरा भरवसा हँडलचाच. पुढे डिझेल जीप आणि ट्रक आले, तशा आपल्याकडच्या युक्त्या वाढल्या. गाडी रात्री उतारावर तोंड करून लावायची. बॉनेटवर गोणपाट टाकायचे. जीपचा हीटर लाल होईपर्यंत दम धरायचा. रेडिएटरचे पाणी रात्री सोडून द्यायचे आणि पहाटे बंबातले गरम पाणी ओतायचे, तेही आधी कोमट, कारण गार लोखंडावर एकदम उकळते पाणी पडले तर ब्लॉक तडकण्याची भीती. १९५६ मध्ये किनवट आणि राजुरा तेव्हाच्या मुंबई राज्याकडे गेले, आपण इकडे राहिलो, पण या युक्त्या सीमेच्या दोन्ही बाजूंना तशाच राहिल्या. त्या करणाऱ्या क्लीनरचे नाव मात्र कुठल्याच दप्तरात सापडत नाही. पहाटे चारला उठणारा तोच असे.

हवेच्या तोंडाशी रॉकेलचा पेटता बोळा धरण्याची युक्तीही होती. ती सांगतो खरी, पण कोणी करू नये. टाकी जवळच असते.

आपल्या बंबासारखाच प्रकार जगाने युद्धात पाहिला. १९४१ च्या हिवाळ्यात जर्मन फौज मॉस्कोच्या वेशीवर अडली. त्याला कारणे अनेक, पण गारठलेली इंजिने हेही त्यातले एक. सैनिकांनी रणगाड्यांखाली शेकोट्या पेटवल्या, काही इंजिने रात्रभर चालू ठेवली आणि त्यात मोलाचे इंधन जळाले. रशियाच्या टी-३४ रणगाड्यात सेल्फ चालला नाही तर दाबाच्या हवेने इंजिन फिरवण्याची सोय होती. जर्मनांना अक्कल आली ती नंतर : चालू रणगाड्यातले गरम पाणी नळीने शेजारच्या रणगाड्यात फिरवायचे. म्हणजे बंबच की!

अमेरिकेत नॉर्थ डाकोटाच्या अँड्र्यू फ्रीमन यांनी इंजिनाला बसवायचा विजेचा हीटर काढला. त्याचे पेटंट १९४९ चे. आज कॅनडात एडमंटन-विनिपेगकडे राहणारी आपली मुले रात्री गाडीची वायर प्लगला लावतात, ती याच कुळातली. मोबाईल चार्जिंगला लावावा तशी गाडी लावतात.

आपल्या देशात याची खरी परीक्षा लडाखात. मराठा आणि महार रेजिमेंटचे जवान त्या उंचीवर राहून आले आहेत. पारा उणे वीसच्या खाली गेला की साधे पाणी गोठून सुमारे ९ टक्के फुगते आणि ब्लॉक फोडते, म्हणून रेडिएटरमध्ये ग्लायकोल घालतात. पण डिझेलचे काय? त्यातले मेण साकळते आणि फिल्टर तुंबतो. मग त्यात रॉकेल मिसळायचे, किंवा ड्रायव्हरने रात्री उठून ठरावीक वेळाने इंजिन चालू करायचे. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारे डिझेल आणले, तेव्हा कुठे तिथल्या ड्रायव्हरांची झोप थोडी वाढली असेल.

आपली थंडी त्यामानाने पहिलीच्या वर्गातली. आपल्याकडे डिझेल साकळत नाही. मल्टिग्रेड ऑइल आणि चांगली बॅटरी असली की नवी गाडी लगेच चालू होते. तरी काही मंडळी दारात अर्धा तास गाडी घरघरवत ठेवतात. त्याची गरज नाही; मिनिटभर थांबून हळू चालवली की इंजिन आपोआप तापते. आतल्या गुड्यांवर मात्र अजून जुनी जीप किंवा ट्रॅक्टर हेच एकमेव वाहन असते, आणि पौषात ते आजही उतारावर, तोंड खाली करून लावलेले दिसते.