शिशुवाचन, ग्रंथालयीन (मुंबई उपनगरे)

जन्मापासून सुमारे सहा वर्षांपर्यंतच्या, स्वतः वाचू न लागलेल्या बालकास मांडीवर घेऊन चित्रे दाखविणे, बडबडगीते म्हणणे, गोष्ट वाचून ऐकविणे व पुस्तक निर्धास्तपणे हाताळू देणे, या उपक्रमांस शिशुवाचन म्हणतात. अक्षरे गिरवून घेणे येथे अभिप्रेत नाही. भाषेचा नाद, पाने उलटण्याची रीत आणि चित्र व शब्द यांचा अन्वय बालकाच्या अंगवळणी पडावा, एवढाच हेतू असतो. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या उपनगरांत हे कार्य ग्रंथालयांपेक्षा बालवाड्यांकडूनच अधिक घडले.

पूर्वपीठिका : गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापिला. ताराबाईंनी पुढे दादर येथे शिशुविहार चालविले, मराठी ‘शिक्षणपत्रिके’चे संपादन केले आणि 1945 मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. जे मूल शाळेपर्यंत येत नाही त्याच्या अंगणात शाळेने जावे, हा अंगणवाडीमागील विचार याच प्रयोगातून आला, असे मानले जाते. ताराबाईंच्या सहकारी अनुताई वाघ यांनी तो कोसबाड येथे दीर्घकाळ जोपासला. गोष्ट, गाणे व संभाषण यांस या परंपरेत अक्षरांच्या आधीचे स्थान आहे. अक्षरओळख नेमकी कोणत्या वयात द्यावी, याविषयी मात्र बालशिक्षणतज्ज्ञांत मतभेद आहेत.

ग्रंथालये व कायदा : मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (1898), विलेपार्ले येथील लोकमान्य सेवा संघ (1923) व त्याचे श्री. वा. फाटक ग्रंथसंग्रहालय, तसेच मुलुंडचा महाराष्ट्र सेवा संघ, या संस्था लोकवर्गणी आणि कार्यकर्त्यांचे अविश्रांत श्रम यांवर उभ्या राहिल्या, आणि उपनगरी मध्यमवर्गाच्या वाचनाभिरुचीचे श्रेय बव्हंशी अशाच संस्थांकडे जाते. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, 1967 अन्वये शासनमान्य ग्रंथालयांस अनुदान मिळू लागले व त्यांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी झाली. ग्रंथसंख्या, नियतकालिके, कामकाजाचे तास इत्यादी निकषांवर ती होत असल्यामुळे, आणि वर्गणी व अनामत भरून नाव नोंदविणारा सभासद हाच कारभाराचा पाया असल्यामुळे, शाळकरी मुलांसाठी बालविभाग निघाले. परंतु जे बालक सभासद होत नाही, पुस्तक घरी नेत नाही आणि हाती आलेले पान प्रथम तोंडात घालते, त्याची दप्तरात नोंद होण्यास जागाच राहिली नाही. ग्रंथालयाने या वयात मांडी असलेल्या प्रौढास, म्हणजे आई, आजी वा थोरल्या बहिणीस, वाचक मानावयास हवे. तसे झाल्यास चटई, ठरलेला वार आणि जाड पुठ्ठ्याची थोडी पुस्तके एवढ्या सामग्रीवर हा उपक्रम उभा राहू शकतो.

बालवाड्या : अंगणवाड्या चालविणारी एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली, तिच्या आरंभीच्या प्रकल्पांत मुंबईतील धारावीचा समावेश होता. मुंबईत 1995 मध्ये माधव चव्हाण व फरीदा लांबे यांनी युनिसेफ आणि महानगरपालिका यांच्या साहाय्याने ‘प्रथम’ संस्था उभारली. तिने झोपडवस्त्यांत बालवाड्या काढल्या. वस्तीतच शिक्षिका शोधावी, आणि कोणाचे घर, देऊळ वा मंडळाची कचेरी, जी जागा मिळेल ती वापरावी, ही तिची पद्धत होती. इमारत निधीची वाट पाहण्यात वर्षे घालविणाऱ्या ग्रंथालयांनी तिचा अभ्यास करावा.

पुस्तके : ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेल्या माधुरी पुरंदरे यांच्या सचित्र पुस्तकांनी मराठीत या वयासाठी सकस साहित्य निर्माण केले. 2004 मध्ये स्थापन झालेल्या प्रथम बुक्सने अल्प किमतीची बहुभाषी पुस्तके काढली, आणि 2015 पासून ‘स्टोरीवीव्हर’ या मुक्त संग्रहात ती विनामूल्य उपलब्ध केली. महानगरपालिकेच्या शाळा ज्या शहरात आठ माध्यमांतून चालतात, तेथे घाटकोपरच्या एकाच चाळीत मराठी व गुजराती अंगाई ऐकू येते. म्हणून बहुभाषी संग्रह उपनगरांस विशेष उपयुक्त होय.

तीन वर्षांखालील बालके : इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे 1992 मध्ये सुमारे 300 कुटुंबांपासून सुरू झालेल्या ‘बुकस्टार्ट’ योजनेत आरोग्यसेविकेमार्फत तान्ह्या बालकाच्या कुटुंबास पुस्तकाची पिशवी व ग्रंथालयाचे निमंत्रण पोहोचविले जाई. लसीकरणासाठी माता जेथे बालकास घेऊन येतेच, ते महापालिकेचे आरोग्यकेंद्र उपनगरांत याच कामी येऊ शकते.

धोरण : पायाभूत साक्षरतेसाठीचे निपुण भारत अभियान (2021) 3 ते 9 वर्षे वयोगटासाठी आहे; त्यामुळे तीन वर्षांखालील बालके त्याच्या कक्षेबाहेर राहतात.