कागदावरची फौज

पदमपुरा, कर्णपुरा, जयसिंगपुरा, पहाडसिंगपुरा. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना आपण सतराव्या शतकातल्या मोगल फौजेची यादी वाचून दाखवतो आहोत, हे आमच्या शहरात फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. कर्णपुरा बिकानेरच्या राजा कर्णसिंहाचा, पदमपुरा त्याच्या मुलाचा, पद्मसिंहाचा. जयसिंगपुरा मिर्झाराजाचा आणि पहाडसिंगपुरा पहाडसिंह बुंदेल्याचा. दख्खनच्या सुभ्यावर नेमणूक झाली की मनसबदार आपले स्वार, घोडे, नोकरचाकर घेऊन यायचा आणि औरंगाबादेत स्वतःचा पुरा वसवायचा. जुनी माणसं बावन्न पुरे, बावन्न दरवाजे म्हणतात. आकडा कुणी काटेकोर मोजला असेल तर असेल, पण नवरात्रात कर्णपुऱ्याच्या देवीच्या यात्रेत खेळणी घेणाऱ्या पोरांना आपण एका मनसबदाराच्या तळावर उभे आहोत हे सांगायला काय हरकत आहे?

या यादीत एक गंमत होती. मनसबदाराच्या नावापुढे दोन आकडे असत. जात म्हणजे त्याचा हुद्दा आणि सवार म्हणजे त्याने पदरी ठेवायचे घोडेस्वार. पाच हजारी सवार म्हटलं की पाच हजार घोडे डोळ्यांसमोर येतात. पण शाहजहानच्या काळात नियमच असा झाला की, जहागीर ज्या सुभ्यात त्याच सुभ्यात नोकरी असेल तर कागदावरच्या आकड्याचा तिसरा हिस्सा हजर करायचा, सुभ्याबाहेर असेल तर चौथा. बल्खच्या मोहिमेत तर पाचव्या हिश्शावर भागलं. म्हणजे तूट होती, आणि सरकारने ती नियमात बसवून घेतली होती. त्याच्याही आधी, अकबराच्या काळात, गणतीच्या दिवशी उसने घोडे आणून उभे करायची युक्ती इतकी चालायची की घोड्याला डाग द्यायची आणि स्वाराच्या चेहऱ्याचं वर्णन लिहून ठेवायची पद्धत सक्तीची करावी लागली. मी वाळूजच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये आयुष्य काढलं. ड्रॉइंगवर एक माप आणि जॉबवर दुसरं, हे दुखणं माझ्या ओळखीचं आहे.

फौजेच्या याद्यांचा नाद मला लागला तो भाच्यामुळे. रविवारी आमच्याकडे सहा बाय चार फुटांच्या प्लायवूडवर लढाया होतात. तो आणि त्याचे मित्र वॉरहॅमर खेळतात. 1983 साली इंग्लंडात निघालेला हा खेळ. त्यात एल्फ, बुटके, ऑर्क, ड्रॅगन असल्या फौजा असतात, अंगठ्याएवढ्या रंगवलेल्या बाहुल्यांच्या. प्रत्येक तुकडीला पॉइंट ठरलेले. दोन्ही बाजूंना सारखे, बहुतेक वेळा दोन हजार, आणि तेवढ्यात आपापली फौज बसवायची. स्पर्धा झाली की पहिल्या आलेल्यांच्या याद्या जगभर फिरतात, आणि पुढच्या महिन्यात पोरं तीच यादी जशीच्या तशी घेऊन बसतात. अमुक ड्रॅगन दोन, तमुक भालाईत तीस, तोफा चार. डाव सुरू व्हायच्या आधीच निम्मा वाद यादीवर संपलेला असतो.

या खेळाचे पूर्वज फार गंभीर होते. प्रशियाच्या राइसवित्झ नावाच्या अधिकाऱ्याने 1824 मध्ये नकाशावर ठोकळे आणि फासे घेऊन युद्धाचा खेळ बसवला, तो सैन्यातल्या अधिकाऱ्यांना शिकवायला. त्यात पंच असायचा आणि शत्रू कुठे आहे हे खेळाडूला दिसायचं नाही. एच. जी. वेल्स यांनी 1913 मध्ये शिशाचे शिपाई घेऊन घरच्या जमिनीवर खेळायचे नियम छापले. पॉइंटांचा हिशोब नंतरचा. त्याने खेळ न्याय्य झाला हे खरं, पण पंच गेला आणि त्याच्याबरोबर धुकंही गेलं. आता सगळं टेबलावर उघडं असतं.

म्हणून मी आमच्या भागातल्या लढायांच्या याद्या करायला लागलो. एका दिवसात मोटारीने जाऊन येता येईल एवढ्या अंतरात इथे इतक्या फौजा भिडल्या आहेत की दुसरीकडे कुठे जायची गरजच नाही.

पहिली यादी अर्थातच मलिक अंबरची. 1610 मध्ये त्याने खडकी वसवली, तेच आपलं शहर. त्याची फौज हलकी. हबशी सरदार, मराठे बारगीर, चपळ घोडी, रात्रीचे छापे, रसद तोडणं. पॉइंट लावले तर स्वस्तात बसते. पण हीच फौज 1616 मध्ये जालन्याजवळच्या रोशनगावला मोगलांपुढे उघड्या मैदानात उभी राहिली आणि सपाटून हरली. त्याआधी अंबरचे काही सरदार मोगलांना जाऊन मिळाले होते. मोगलांनी खडकीपर्यंत येऊन गाव जाळलं. पुढे 1624 मध्ये अहमदनगरजवळच्या भातवडीला समोर मोगल आणि आदिलशाही अशा दोन फौजा एकत्र. अंबरच्या बाजूला शहाजीराजे आणि त्यांचे भाऊ शरीफजी. या वेळी अंबरने मैदान आपल्या हाताने तयार केलं. भातवडीच्या तलावाचा बांध फोडला. समोरच्या छावणीत चिखल झाला, तोफा रुतल्या, दाणागोटा संपत आला, माणसं पळू लागली. मग छापे. आदिलशाही सेनापती मुल्ला मुहम्मद लारी मारला गेला. आपल्या बाजूने शरीफजी पडले.

रोशनगाव आणि भातवडी या दोन याद्या शेजारी ठेवल्या तर तुकड्यांच्या जातीत फारसा फरक दिसत नाही. भातवडीच्या यादीत फक्त एक तलाव जास्त आहे, आणि तलावाला कुठल्याही पुस्तकात पॉइंट नाहीत.

मला सर्वांत जास्त शिकवलं ते पालखेडने. हे आपल्या वैजापूर तालुक्यातलं पालखेड. धरणाचं पालखेड नाशिककडचं, ते वेगळं. निजाम-उल-मुल्क तेव्हा 56 वर्षांचा, औरंगजेबाच्या हाताखाली वाढलेला, तोफखाना दख्खनमध्ये एक नंबर. बाजीराव 27 वर्षांचा. कागदावर निजामाची यादी अशी आहे की स्पर्धेत ती पाहून समोरचा हात जोडेल. बाजीरावाच्या यादीत घोडा, घोडा आणि घोडा. मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे. जड तोफा नाहीत, तंबू-डेरे नाहीत, बाजारबुणगे नाहीत. स्वार खोगिराला बांधलेल्या शिदोरीवर आणि वाटेतल्या शेतांवर जगायचा.

1727 च्या पावसाळ्यानंतर बाजीराव जालन्याच्या बाजूला उतरला, मुलूख लुटला, बुऱ्हाणपूरवर जातो अशी हूल दिली आणि खानदेशातून सरळ गुजरातेत शिरला. निजाम पाठलागात दमला आणि चिडून पुण्याच्या मुलखात गेला. तेव्हा बाजीराव परत फिरला आणि औरंगाबादच्या रोखाने निघाला. राजधानी वाचवायची तर निजामाला धावणं भाग होतं. जड तोफखान्यासह धावता येत नाही, म्हणून तोफा मागे ठेवून तो गोदावरी ओलांडून आला.

इथेच सगळी लढाई आहे. निजामाने ज्या तुकडीवर सर्वांत जास्त पैसा खर्च केला होता, ती त्याने स्वतःच्या हाताने यादीतून काढली. बाजीरावाने त्या तोफांवर एक गोळीसुद्धा झाडली नाही. पालखेडजवळ माळावर निजामाला गाठलं आणि चारी बाजूंनी कोंडलं. पाणी नाही, चारा नाही, रसद आत येत नाही. 25 फेब्रुवारी 1728 ही पालखेडची तारीख मानली जाते. त्या दिवशी कुणी धडाक्याने तुटून पडलं नाही. तहानेने कोंडमारा झाला आणि बोलणी सुरू झाली. 6 मार्चला मुंगी-शेवगावचा तह होऊन निजामाने शाहू महाराजांचा चौथ-सरदेशमुखीचा हक्क मान्य केला. दुसऱ्या महायुद्धातला इंग्रज सेनापती माँटगोमेरी याने युद्धशास्त्राच्या इतिहासात या मोहिमेची तोंड भरून तारीफ केली आहे. आपल्याकडे मात्र वैजापूरच्या बसमध्ये विचारलं तर दहातले नऊ जण धरणाचं पालखेड सांगतात.

राक्षसभुवनावर थांबत नाही. 10 ऑगस्ट 1763, गोदावरीला पूर, निजामअली अर्धी फौज घेऊन पलीकडे गेलेला आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेली फौज घेऊन अलीकडच्या काठावर. माधवराव आणि राघोबादादांनी तेवढीच गाठली. विठ्ठल सुंदर पडला, आणि सप्टेंबरात औरंगाबादला तह झाला. पुराने यादी मधोमध फाडली, एवढंच.

उरली असई. ही जालना जिल्ह्यात, म्हणजे 1981 पर्यंत आमच्याच जिल्ह्यात. भाचा असईची मराठ्यांची यादी वाचून म्हणाला, "मामा, ही फौज घेऊन हरताच येत नाही!" त्याचं बरोबर आहे. शिंद्यांचे कवायती कंपू दहा हजारांच्या वर, त्यांच्यावर हानोव्हरचा पोलमन, सोबत बेगम समरूच्या पलटणी, शंभराच्या घरात तोफा आणि त्या चालवणारे हिंदुस्थानातले उत्तम गोलंदाज. शिवाय शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांचं हजारोंनी घोडदळ. समोर इंग्रजांचा सेनापती वेलस्ली, प्रत्यक्ष लढाईत उतरलेली माणसं साडेचार हजारांच्या आसपास. त्याचा जोडीदार स्टीव्हन्सन वेगळ्या वाटेने येत होता, तो त्या दिवशी पोचलाच नाही.

23 सप्टेंबर 1803. मराठे केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात. वाटाडे सांगत होते की केळणेला जवळपास उतार नाही. वेलस्लीला दुर्बिणीतून पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावं नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दिसली. लोक येत-जात असणारच, मग उतारही असणार, असं त्याने ताडलं, आणि तो तिथेच निघाला. खेड्यातला कुठलाही माणूस हे सांगू शकला असता. नदी ओलांडताना त्याच्या शेजारच्या स्वाराचं डोकं गोळ्याने उडालं. पोलमनने मात्र कमाल केली: सबंध पायदळाची फळी काटकोनात वळवून समोर आणली. कवायत किती पक्की होती याचा याहून मोठा पुरावा नको. तोफांनी इंग्रजांच्या तोफांचे बैलच मारले, आणि त्या तोफा तशाच मागे राहिल्या.

मी एकच गोलंदाज तीनदा रंगवला आहे: पाठीवर पडलेला, हातात गज, डोळे मिटलेले. असईचे गोलंदाज इंग्रजी पलटण अंगावर आली तेव्हा मेल्याचं सोंग घेऊन तोफेखाली पडले, आणि पलटण पुढे गेल्यावर उठून तोफा फिरवून तिच्या पाठीवर डागू लागले. वेलस्लीला ती जागा दुसऱ्यांदा घ्यावी लागली. चौऱ्याहत्तराव्या हायलँडर पलटणीचे जवळपास सगळे अधिकारी त्या दिवशी पडले किंवा जखमी झाले. इंग्रजांचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून सुमारे 1,580, म्हणजे लढणाऱ्यांतला तिसरा माणूस. जखमींना अजिंठ्याला नेलं. हाच वेलस्ली पुढचा वेलिंग्टन, आणि म्हातारपणीही तो आपली सर्वांत चांगली लढाई म्हणून वॉटर्लूच्या आधी असईचं नाव घ्यायचा म्हणतात.

एवढी महाग यादी हरली कशी? कंपूंतल्या इंग्रज अधिकाऱ्यांना कंपनीने आधीच बोलावणं धाडलं होतं आणि बरेच जण नोकरी सोडून गेले. घोडदळ हजारोंनी होतं, पण ज्या घटकेला वेलस्लीची फळी फाटली होती त्या घटकेला ते नेटाने आत घुसलं नाही. रघूजी भोसले लवकरच निघून गेले. पायदळ लढलं, तोफखाना लढला, वर हुकूम देणारं कुणी उरलं नव्हतं. पोलमन तर पुढे कंपनीच्याच नोकरीत गेला. आणि वेलस्लीने लढाईला महिना निवडला होता पावसाळ्याचा, कारण नद्या भरलेल्या असल्या की मराठ्यांच्या घोड्याची धाव कमी होते हे त्याला ठाऊक होतं. स्वतःसाठी त्याने नदी उतरायच्या टोपलीच्या होड्या आणि म्हैसूरचे बैल तयार ठेवले होते. बाजीराव 75 वर्षांपूर्वी ज्या गोष्टींवर जिंकला, त्याच गोष्टी या वेळी इंग्रजाने मोजल्या होत्या. शिंद्यांच्या दरबारात मात्र तोफा मोजल्या जात होत्या.

माझं मत विचाराल तर या भागात खेळायची सर्वांत तगडी यादी पालखेडची, बाजीरावाची. पोरांना ती आवडत नाही, तिच्यात ड्रॅगन नाही. ज्यांना हा डाव मांडायचा असेल त्यांनी निजामाला हव्या तेवढ्या तोफा द्याव्यात, पॉइंटांची कंजुषी करू नये. फक्त प्रत्येक जड तोफेमागे त्याच्या फौजेची चाल कमी करावी, एक माणूस पंच म्हणून बसवावा, आणि विहिरी कुठे आहेत ते त्या पंचाखेरीज कुणालाही दाखवू नये.